गेटाबाहेरची हलगी

तुमच्या गावातल्या शाळेत हलगी कधी आत आली आहे का? प्रभातफेरीच्या पुढे नव्हे, पुढाऱ्याच्या स्वागताला गेटावर नव्हे. आत, वर्गात, सतरंजीवर, पेटीच्या शेजारी. नीट आठवून बघा. आठवायला वेळ लागत असेल तर उत्तर मिळालंच आहे. मी ज्या शाळेत शिकले तिथे ती एक पावसाळा आणि एक हिवाळा आत होती. मग तिला बाहेर काढलं. ती कशी आली, कुणी काढली आणि त्यावर आम्ही काय केलं, एवढंच या प्रकरणात सांगायचं आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या पोरी आजही त्याच शाळेत जातात, आणि माझ्या लिहिण्याचा राग त्यांच्यावर निघू नये. वडीगोद्रीपासून फार लांब नाही, एवढं पुरे.

आमच्या घरात उर्दू बोलत. उर्दू म्हणजे पुस्तकातली नव्हे, 'हौ' आणि 'नक्को'वाली. मराठी मी शाळेत जायच्या आधी शिकले ती पत्रकांवरून. अब्बा वडीगोद्रीला हायवेच्या कडेच्या एका छापखान्यात मशीनवर होते. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, बियाण्याच्या दुकानाच्या जाहिराती आणि पत्रकं. सगळ्या पक्षांची, सगळ्या संघटनांची, दारूबंदीवाल्या बायांची, संपावर गेलेल्या कामगारांची. शाई पसरलेले, तिरके छापले गेलेले कागद संध्याकाळी मोटारसायकलच्या डिक्कीतून घरी येत. जेवताना अम्मी तेच अंथरायची. माझ्या ताटाखाली 'जाहीर निषेध' असायचा, भावाच्या ताटाखाली 'भव्य शेतकरी मेळावा', आणि मध्ये अंबाडीची भाजी, खट्टी दाल, ज्वारीची भाकर. दाल सांडली की शाई फुटायची आणि अक्षरं निळी होऊन पसरायची. मी खाली मान घालून जेवत जेवत वाचायचे. 'का?' आणि 'कुठवर?' हे दोन शब्द मला 'कमळ' आणि 'गवत' यांच्या आधी वाचता आले. म्हणून आजही माझ्या लिखाणावर संपादक म्हणतात, शाहीन, आवाज जरा खाली घे. मी काय रेडिओ आहे?

अम्मी रजया शिवायची. अंगणात कापूस पसरलेला, त्यात ती मांडी घालून बसलेली, लांब सुई वर जायची आणि खाली यायची, आणि त्या सुईच्या चालीवर ती गायची. गाणी दळणाची होती. जातं आमच्या घरी केव्हाच दाराआड उभं करून ठेवलं होतं, पीठ गिरणीतून यायचं, पण गाणी राहिली होती. ती आता सुईला जोडली गेली होती. त्यातलं एक मला तोंडपाठ होतं:

चक्की पीसी रात दिन माँ, आटा उड्या आँगन में,
मायके का रस्ता सूना, आँसू गिऱ्या दामन में.

शेजारच्या भागाबाई कापसाचं गाठोडं घेऊन यायच्या, उंबऱ्यावर बसायच्या आणि अम्मीचं संपलं की त्याच चालीत आपली ओवी टाकायच्या. 'दळण दळिते बाई, माझ्या जात्याला दोन वाटा, एक गेली माहेराला, दुजीवर गं बाई काटा.' याला कुणी काही म्हणत नव्हतं. एकात्मता वगैरे शब्द पत्रकांत असायचे, अंगणात नव्हते. अंगणात दोन बाया आपापल्या माहेराला रडून घ्यायच्या आणि मग कापसाच्या भावावरून भांडायच्या.

मी सातवीत असताना शाळेत गायकवाड सर आले. संगीताला. संगीत हा विषय वेळापत्रकात होता, पण त्या तासाला आम्ही ग्राउंडवर दगड वेचायचो. सर तासाच्या मानधनावर होते. त्यांचे वडील अंकुशनगरला साखर कारखान्यात कामाला होते आणि सर तिथल्या वसाहतीत वाढलेले. मोटारसायकलच्या मागच्या सीटवर पेटी दोरीने बांधून यायचे. पेटीला अम्मीच्या रजईचा एक तुकडा गुंडाळलेला असायचा, पण ते नंतर. आधी पोतं होतं. पहिल्या दिवशी त्यांनी सा रे ग म विचारलं नाही. विचारलं, तुमच्या घरी काय वाजतं?

मागून कुणीतरी 'टीव्ही' म्हणालं. वर्ग हसला. सरही हसले आणि म्हणाले, बरोबर आहे, टीव्ही लिहून घेतो, पुढं बोला. मग हळूहळू निघायला लागलं. एकाच्या चुलत्याचा बेंजोचा ताफा होता, लग्नात वाजवणारा. गोंधळ्याच्या घरचा विष्णू म्हणाला, संबळ. तांड्यावरच्या सुनीता आणि तिची बहीण म्हणाल्या, आमच्यात बाया थाळी वाजवतात, होळीला. मी म्हणाले, अम्मी गाती. शेवटच्या बाकावर संगीता लोखंडे बसायची. तिला आम्ही संगी म्हणायचो. ती उठलीच नाही. बसल्या बसल्या बोलली, "आमच्यात हलगी हाय सर. पण घरात न्हाई वाजत. दुसऱ्याच्या दारात वाजती."

सर फळ्याकडे वळले आणि त्यांनी सगळ्यात वर 'हलगी' लिहिलं. बाकीचं त्याच्याखाली.

असा आमचा वाद्यवृंद झाला. वाद्यवृंद हा शब्द सूचनाफलकावर असायचा, आम्ही त्याला ताफा म्हणायचो. सरांनी अम्मीचं गाणं आणि भागाबाईंची ओवी एकत्र गुंफली. ते माझ्याकडून शिकले, कारण अम्मी शाळेत यायला तयार नव्हती. घर का गाना है, म्हणायची, घर में अच्छा लगता. मी रोज थोडं थोडं शाळेत नेलं. जसं इतर पोरी चिंचा नेतात.

हलगीची गोष्ट वेगळी होती. हलगीला ऊब लागते. चामडं थंडीने, दमटपणाने ढिलं पडतं. आगीजवळ धरून ते ताणून घेतल्याशिवाय ती बोलत नाही, नुसती भद्द वाजते. शाळेत आग एकच, खिचडीची चूल. खिचडी करणाऱ्या शांतामावशींनी आधी हात झटकले. "माझ्या खिचडीला वास लागला तर सरपंचाला मी तोंड द्यायचं का तुम्ही?" मग दोन-चार दिवसांनी त्यांचाच जीव राहिना. संगी हलगी धरून उभी राहिली की त्या ओरडायच्या, "लांब काय धरून राह्यली, जवळ आण की, ती काय मला चावती?" ताफ्यात बसायची जागा सरांनी ठरवून टाकली होती. संगी मधोमध. बाकी सगळे तिच्याभोवती अर्ध्या गोलात. आणि नियम एकच: पेटीवाल्याने पेटीकडे बघायचं नाही, गाणाऱ्याने लोकांकडे बघायचं नाही, सगळ्यांनी संगीच्या हाताकडे बघायचं. ती चालली की चालायचं, ती थांबली की थांबायचं. आम्हाला ते एवढं अंगात भिनलं की मधल्या सुट्टीत ती पळायची थांबली तरी आम्ही थांबायचो.

पोरांच्या घरच्यांनी काय काय म्हटलं ते सगळं लिहीत बसले तर पान पुरणार नाही. एका पालकाने येऊन विचारलं की माझ्या मुलाला तुम्ही कोणाच्या शेजारी बसवलंय. सर म्हणाले, संबळाच्या. तो म्हणाला, मी त्याबद्दल विचारत नाहीये. सर म्हणाले, मला कळलं तुम्ही कशाबद्दल विचारताय, म्हणूनच संबळाच्या म्हणालो. दुसऱ्या दिवशी ते पोरगं आलं नाही. आठवड्याने आलं आणि गुपचूप आपल्या जागी बसलं.

दिवाळीनंतर तांड्यावरच्या दोघी आईबापांबरोबर ऊसतोडीला गेल्या. थाळी गेली. तरीही आम्ही तालुक्याच्या स्पर्धेला उतरलो. मैदानावर मांडव होता, समोर तीन परीक्षक, टेबलावर पांढरी चादर, पितळी घंटा. आमच्या आधी एका मोठ्या शाळेचं समूहगीत झालं. सगळ्यांचे मोजे सारखे. आमच्यात मोजे असलेले थोडेच होते. संगीने मैदानाबाहेरच्या चहावाल्याच्या भट्टीवर हलगी तापवून आणली. दुपार उतरत आली होती. आम्ही बसलो, तिने सुरुवात केली, आणि मी खोटं सांगत नाही, मांडव हलला. मी अम्मीचं कडवं गायले, विष्णूने संबळावर त्याला उत्तर दिलं, पोरींनी ओवी उचलली. मी दुसऱ्या कडव्यात होते तेव्हा मैदानामागच्या मशिदीतून असरची अजान सुरू झाली.

संगीचा हात थांबला.

ती थांबली म्हणून आम्ही थांबलो. पेटी थांबली, बेंजो थांबला, माझा 'मायके' तोंडातच राहिला. मांडवात आधी शांतता झाली, मग कुजबुज, मग मागून शिट्ट्या. एका परीक्षकाने चष्मा काढला. मोठे सर, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, पहिल्या रांगेत बसलेले. त्यांचा चेहरा वांग्यासारखा झाला. संगी खाली बघत बसून राहिली, बोटं हलगीवर टेकलेली. अजान संपली. तिने जिथे मोडला होता त्याच ठोक्यावर ठेका उचलला आणि आम्ही सगळे तिच्यामागे पुन्हा सुरू झालो, एकसुद्धा चुकला नाही. शेवटही केला. पण घंटा मध्येच वाजून गेली होती. नियमानुसार सादरीकरण खंडित झालं होतं. आम्हाला गुणच दिले नाहीत.

परत येताना टेम्पोत मी तिच्याशी भांडले. मी तिला म्हणाले, माझ्यावर उपकार करायला कुणी सांगितलं होतं, मी गातच होते ना, मला काही होत होतं का. आता सगळे म्हणतील की मुसलमानाच्या पोरीसाठी थांबले. संगीने माझ्याकडे अशी नजर टाकली की जणू मी शाळेत नवीन आले आहे.

"तुझ्यासाठी कोण थांबलंय?" ती म्हणाली. "माझा बा वरातीत मशिदीपुढं थांबतो. देवळात आरती चालू असली तरी थांबतो. कुणाच्या दारात मयत असलं तर चपला काढून जातो. मी त्याच्यासंग लहानपणापासून चालती. हात थांबला. बस."

"पण हे स्टेज होतं, रस्ता नव्हता."

"हलगीला काय म्हाईत?"

या भांडणाचा निकाल अजून लागलेला नाही. आम्ही दोघी तिशीच्या पुढे आलो, दोघींना मुलं झाली, आणि अजून भेटलो की मी म्हणते तू वाजवत राहायला हवं होतंस आणि ती म्हणते तू गप बस. मला अजूनही वाटतं की मी बरोबर आहे. पण त्या दिवशी त्या मांडवात कुणालाच संगीचं कारण विचारावंसं वाटलं नाही, हे मला भांडणापेक्षा जास्त झोंबतं. आमच्या भागातली सगळी वाजवणारी माणसं जी रीत पाळत आली, ती पोरीच्या हातात उतरली होती. परीक्षकांनी तिला चूक म्हटलं. शिट्ट्या मारणाऱ्यांनी तिला लांगूलचालन म्हटलं. शब्द त्यांना बरोबर पाठ होता, माझ्यासारखा पत्रकांतूनच आला असेल.

सोमवारी मोठ्या सरांनी गायकवाड सरांना आणि मला ऑफिसात बोलावलं. मोठे सर वाईट माणूस नव्हते, हे लिहिताना माझा हात अडखळतो, पण लिहिते. ते हजेरीपुस्तकात पोरांची नावं स्वतः सुवाच्य अक्षरात लिहीत आणि परीक्षेच्या दिवशी उपाशी आलेल्यांना बिस्किटं देत. त्यांना भीती वाटायची. संस्थेची, गावाची, तालुक्याची. घाबरलेला माणूस नियम फार करतो. त्यांनी सांगितलं की ताफा बंद करायचा नाही, उलट सव्वीस जानेवारीला झेंड्यानंतर आपला कार्यक्रम आहे, पाहुणे येणार आहेत. फक्त हलगी नको. तिच्या जागी शाळेच्या बँडचा ड्रम घ्या. आणि मग माझ्याकडे वळून, अगदी मायेने:

"शाहीन बाळा, तू अगदी पुढं उभी राहा. हिरवी ओढणी घालून ये. लोकांना दिसलं पाहिजे की आपल्या शाळेत सगळे आहेत."

मी म्हणाले, सर, सगळे आहेत तर संगी कुठंय?

"हलगी मयतीला वाजते बाळा," मोठे सर म्हणाले. "झेंड्याला नाही."

गायकवाड सर म्हणाले की तालुक्याला मंत्री आले तेव्हा हेलिपॅडवर संगीच्या वडिलांचीच, लक्ष्मण लोखंडेंचीच हलगी होती. मोठे सर म्हणाले, ते बाहेर होतं. एवढ्या दोन शब्दांत त्यांनी सगळं सांगून टाकलं. मग त्यांनी हेही सांगितलं की मानधनाची मंजुरी दर वर्षी नव्याने घ्यावी लागते, गायकवाड, तुम्हाला माहीतच आहे.

संगीला मी सांगितलं तेव्हा ती जमिनीवर काडीने रेघा ओढत होती. म्हणाली, मला म्हाईत होतं. किती दिवस खिचडीच्या चुलीवर तापवायची. दुसऱ्या दिवसापासून ती संगीताच्या तासाला वर्गातच बसून राहायला लागली, मराठीचं पुस्तक उघडून, एकच पान. तिला गाण्यातून नव्हतं काढलं, त्या सतरंजीवरून काढलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा ती मधोमध बसली होती. मी तेरा वर्षांची होते, पण एवढं मला समजत होतं: मी त्या दिवशी हिरवी ओढणी घालून उभी राहिले, तर तिला काढलं ते माझ्या साक्षीने काढलं असं होईल.

घरी अम्मीला सांगितलं. तिने सुईवरून मान वर न करता उत्तर दिलं, "अपने घर में हरी ओढनी हैच नईं. बोल दे सर कू." होती. लोखंडी पेटीत होती, तिच्या लग्नातली. पण त्या दिवसापासून ती नव्हती.

मी माझं पहिलं पत्रक लिहिलं. वहीच्या चार पानांवर. त्यात 'धिक्कार', 'कारस्थान', 'प्रवृत्ती' असे सगळे शब्द होते, ताटाखालून गोळा केलेले. अब्बांनी ते उभ्या उभ्या वाचलं. त्यांनी जन्मभर इतरांची पत्रकं छापली होती, कधी एकावर मत दिलं नव्हतं. माझं वाचून म्हणाले, "ये किसके वास्ते लिखी? पढनेवाले के वास्ते, के अपने गुस्से के वास्ते?" त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि उद्गारचिन्हं खोडायला सुरुवात केली. एकेक करून सगळी. मग 'प्रवृत्ती' गेली. 'कारस्थान' गेलं. शेवटी अर्धं पान उरलं: आमच्या ताफ्यात काय काय वाजतं, संगी कशी वाजवते, मांडवात ती का थांबली, तिला कुणी विचारलं नाही, आणि आता तिला बाहेर का काढलं आहे हे गावाने शाळेला विचारावं. मला ते फार मऊ वाटलं. अब्बा म्हणाले, हेच छापीन. पण एक अट.

"नीचे तेरा नाम डाल. बिना नाम का पर्चा मैं नईं छापता."

छापखान्याचा तो रिवाजच आहे. खाली बारीक अक्षरात मुद्रक कोण, प्रकाशक कोण. नाव नसेल तर कागद मशीनवर चढत नाही. अम्मी घाबरली. रडली, भांडली, लडकी का नाम पूरे गाँव में फिरेगा म्हणाली. अब्बा फक्त माझ्याकडे पेन धरून थांबले. मी नाव लिहिलं. शाहीन रफीक शेख, इयत्ता सातवी ब. त्या दिवसापासून आजवर मी नावाशिवाय एक ओळ छापलेली नाही. जे लोक रोज मोबाइलवर नाव लपवून दुसऱ्याच्या आईबहिणीचा उद्धार करतात, त्यांनी एकदा एखाद्या जुन्या छापखान्यात जाऊन उभं राहावं.

अब्बांनी मालकाला विचारून एका बाजूने खराब झालेल्या कागदांवर ते छापलं. एका बाजूला ठिबक सिंचनाची जाहिरात, दुसऱ्या बाजूला आमची संगी. सव्वीस जानेवारीच्या सकाळी विष्णूने आणि मी ते वाटलं. थंडी होती, लोकांचे हात शालीतून बाहेर येत नव्हते. काहींनी घेतलं, काहींनी ठिबक सिंचनाची बाजू वाचून परत दिलं. झेंडा झाला, राष्ट्रगीत झालं. पाहुण्यांची भाषणं झाली. मग माइकवर ताफ्याचं नाव पुकारलं. आम्ही जाऊन बसलो. मधली जागा रिकामी होती. ड्रमवाला तिथे बसायला गेला तर बेंजोवाल्याने त्याला कोपराने बाजूला सरकवलं. संगी आणि तिचे वडील, लक्ष्मणकाका, गेटाबाहेर उभे होते. शाळेने त्यांना आधीच सांगून ठेवलेलं, पाहुण्यांच्या मिरवणुकीला बोलावलंय, गेटापर्यंत या.

मी माइकसमोर गेले. म्हणाले, "ह्या गाण्याचा ठेका संगीता लोखंडेकडं आहे. ती गेटाबाहेर उभी आहे. ती आत आली की आम्ही गाऊ." आणि जाऊन बसले.

आता गोष्टीत असं व्हायला हवं की मोठे सर उठले, गेटापाशी गेले आणि तिला हाताला धरून आत घेऊन आले. तसं झालं नाही. सर उठले, पण ऑफिसच्या दिशेने. पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. कुणीतरी संगीला हात करून बोलावलं, ये गं, ये, आटप. आणि संगी तिथूनच, गेटाच्या गजांमागून, सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "मी न्हाई येत. आत शाहीननं बोलावलंय. शाळेनं न्हाई."

मला धक्का बसला. मी तिच्यासाठी सगळं केलं आणि ती मलाच नाही म्हणत होती. दोन क्षण गेले आणि मला दिसलं की ती माझ्यापेक्षा पुढे उभी आहे. मी तिला आत आणायला भांडत होते. तिला कुणाच्या वशिल्याने आत यायचंच नव्हतं.

गायकवाड सर उठले. त्यांनी पेटी उचलली आणि चालायला लागले, गेटाकडे. आमच्यातल्या कुणाला काही सांगितलं नाही. विष्णू संबळ गळ्यात अडकवून त्यांच्यामागे गेला. मग बेंजो. मग आम्ही ओवीवाल्या पोरींनी सतरंजीची चार टोकं धरली आणि ती अख्खी उचलून बाहेर नेली. रस्त्यावर अंथरली, ट्रॅक्टर जातात तिथे, मातीत. संगी मधोमध येऊन बसली. हलगीवर टिचकी मारली. थंडीने ढिली पडलेली. आग नव्हती. शांतामावशींची चूल आत, गेटाच्या आत. लक्ष्मणकाकांनी इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्या हातातल्या उरलेल्या गठ्ठ्याकडे बोट दाखवलं. "पोरी, हे जाळू का?"

माझं पहिलं पत्रक. खाली माझं नाव. मी दिलं.

ठिबक सिंचन आणि संगी, दोन्ही बाजू एकदमच पेटल्या. काकांनी हलगी त्यावर फिरवली, एकदा, दोनदा, बोटाने तपासली, पुन्हा फिरवली आणि पोरीच्या हातात दिली. तिने वाजवली. मी तालुक्याच्या मांडवात ऐकलं होतं त्यापेक्षा ती मोठी वाजली, कारण इथे मांडव नव्हता. मी अम्मीचं कडवं उचललं. आत पाहुणे मंचावर, आणि मंचासमोर खुर्च्यांत बसलेलं गाव. आधी एका म्हाताऱ्याने खुर्ची वळवली. मग बायांनी बसल्या जागी तोंडं फिरवली. मग खुर्च्या ओढल्याचे आवाज, फरशीवर, ओळीने, आणि थोड्या वेळाने पाहुण्यांना समोर नुसत्या पाठी दिसत होत्या. शेवटच्या रांगेच्याही मागे भिंतीला टेकून अम्मी उभी होती. ती कधी आली मला माहीत नाही. ओठ हलत होते तिचे.

जिंकलो का? लोक हे फार विचारतात. नाही. पुढच्या वर्षी गायकवाड सरांच्या मानधनाला मंजुरी आली नाही. संगीताचा तास गणिताला गेला. शाळेने माझ्या अब्बांना बोलावून समज दिली आणि मालकाने त्यांना पुढे महिनाभर बाइंडिंगवर बसवलं, मशीनवर नाही. संगी दहावीनंतर शिकली नाही. आज तिचा स्वतःचा ताफा आहे, त्यात तीन बाया आहेत, आणि लग्नवाले त्यांना मागणी करून बोलावतात. सर आता दर रविवारी बदनापूरला एका भाड्याच्या हॉलमध्ये मुलांना घेऊन बसतात. पेटी, संबळ, थाळी, बेंजो, डफ, जे येईल ते. मी तिथे गाणी लिहून घ्यायला जाते. पण रविवारचा हॉल म्हणजे शाळा नव्हे. शाळा सगळ्यांची असते, सगळ्यांच्या पैशाने चालते, आणि तिच्या सतरंजीवर कोण बसणार हे घाबरलेल्या माणसाने ठरवायचं नसतं.

म्हणून हे वाचून 'छान' म्हणू नका. या शनिवारी तुमच्या गावातल्या, तुमच्या वॉर्डातल्या शाळेत जा. तुमचं मूल तिथे शिकत नसलं तरी जा. वेळापत्रक मागा आणि संगीताचा तास कोणत्या दिवशी आहे, तो कोण घेतं, ते विचारा. मग विचारा की या गावात जे जे वाजतं त्यातलं काय काय या तासाला वाजतं. जे वाजत नसेल ते ज्या घरी वाजतं त्या घरी जा, आणि त्या माणसाला गेटापर्यंत घेऊन या. गेटापाशी मात्र तुम्ही बाजूला व्हा. त्याला आत बोलावणं शाळेचं काम आहे. शाळा बोलावीपर्यंत तिथून हलू नका.